दोन दशांश

अंबडच्या शेडमध्ये तो प्लॅटफॉर्म चढला त्या जानेवारीत
मी आयटीआयमधून नुकती बाहेर पडलेली, ड्राफ्ट्समन.
प्रमाणपत्रावर तसंच छापलंय अजून. मन.
कागदावर बीम म्हणजे एक रेघ,
टोकांना दोन त्रिकोण, मध्ये खाली तोंड केलेला बाण,
बाणाशेजारी लिहायचं: नऊ टन.
मी लिहिलं होतं, सुबक अक्षरात.
नऊ टन म्हणजे काय ते मात्र
हायड्राची मागची चाकं जमिनीपासून चार बोटं सुटली
आणि सगळे एकदम गप्प झाले, तेव्हा कळलं.

फिटर लक्षा भोये. सुरगाण्याकडचा.
बोलायचा कमी, तेही बहुतेक लोखंडाशी.
"बस आता, बस की," म्हणत बोल्ट आवळायचा,
बुजलेलं वासरू खुंट्याशी आणावं तसा.

मशिन चढायच्या आदल्या रात्री त्यानं एक काम केलं
जे कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नव्हतं.
बीमच्या बरोब्बर मध्याखाली फरशीत एक पितळी खिळा ठोकला,
त्यावर साडेआठ फुटी रॉड उभा धरला
आणि घासत राहिला,
वरच्या फ्लँजला असा टेकेपर्यंत
की मधून विडीचा कागद जाऊ नये.
मग काढून भिंतीशी ठेवून दिला.

सकाळी कॉम्प्रेसर बसला.
लक्षानं रॉड परत लावून पाहिला. बसेना.
माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली, सोयरीक जमल्यासारखी,
आणि रॉडाचं टोक ग्राइंडरला दिलं.
चार मिलिमीटर.
माझ्या हिशेबात सहा चालणार होते.
"आता उचललंय त्यानं," तो म्हणाला.
बीमबद्दल. मशिनकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

एकोणीस वर्षं. तीन पाळ्या.
खंडेनवमीला कॉम्प्रेसरला हार, नारळ, पेढे,
गर्डरला कोण विचारतो.
लक्षा उरलेल्या झेंडूतलं एक फूल
अँकर बोल्टच्या नटावर दाबून बसवायचा.
ते ग्रीसमध्ये रुतून दिवाळीपर्यंत काळं व्हायचं.
पुढे पुढे त्याचे कान गेले.
मग तो तळहात खांबाला लावून मशिन ऐकायचा,
"बेअरिंग बघा," म्हणायचा,
आणि परवा-तेरवा बेअरिंग जायचं.

कंपनी हलली तेव्हा तो गावी गेलेला होता.
शनिवार, वीज बंद, मोठं दार सताड उघडं,
समोर धुक्यात पांडवलेणीचा डोंगर अर्धाच.
कॉम्प्रेसर ट्रेलरवर उतरला आणि
वरच्या जाळीवर नऊ टनांची एक स्वच्छ चौकट राहिली,
भोवती एकोणीस वर्षांचं तेल.

स्टोअरमधून मी तो रॉड शोधून आणला.
खिळ्यावर उभा केला. वर फट.
फीलर गेजची पानं एकावर एक सारत गेले:
तीन पूर्णांक आठ.
पुन्हा मोजलं. आठच.
साहेब म्हणाले, थंडी आहे, आखडलं असेल.
पण खांबही लोखंडाचे, रॉडही लोखंडाचा,
थंडी काय एकट्या बीमला वाजते?
बोल्ट भोकांत सरकून बसले असतील, ते म्हणाले.
असतील.

रात्री फोन केला. लक्षाला ऐकू येत नाही,
मध्ये त्याची सून.
मी म्हटलं, दोन दशांश परत आलं नाही.
ती ओरडून सांगत होती: काहीतरी दोन परत नाही आलं, बाबा!
बराच वेळ खोकला.
मग म्हाताऱ्याचा आवाज, लांबून:
"राहू दे त्याला."

बीम गॅसनं कापले, किलोवर गेले.
रॉड माझ्याकडे आहे. शटरची वरची खिट्टी ओढायला बरा.
जरा लांब पडतो.
कापलेला नाही.